मेघाला हाक मारणारी माणसे

कालिदासाने ‘मेघदूता’च्या पाचव्याच श्लोकात वाचकाची समजूत काढून ठेवली आहे. धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांनी बनलेला ढग कुठे आणि धडधाकट इंद्रियांच्या माणसांनी पोहोचवायचे निरोप कुठे, असा प्रश्न तो स्वतःच विचारतो आणि लगेच उत्तरही देतो, की प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव काय आणि निर्जीव काय, याचे भान राहत नाही. ढगाकरवी दूरच्या प्रियेला निरोप धाडणारा यक्ष वेडा ठरतो आणि कवी शहाणा राहतो. ज्या कादंबऱ्यांना आपण जादुई वास्तववादी म्हणतो, म्हणजे ज्यांत चमत्कार रोजच्या घटनांसारखे सांगितले जातात, त्या मी अलीकडे आमच्या आर्वीकडच्या खेड्यात, कपाशीच्या कामांतून सवड मिळेल तशा वाचत आले, आणि त्यांच्याबाबत मला सर्वांत आधी जाणवले ते हे, की त्यांच्यात हा पाचवा श्लोक नसतो. तिथे प्रेम जडले की निसर्ग जागचा हलतो, आणि त्याबद्दल कोणी कोणाची समजूत काढत बसत नाही.

कोलंबियाच्या गाब्रिएल गार्सिया मार्केझची ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मौरिसियो बाबिलोनिया नावाचा एक तरुण आहे. तो केळीच्या कंपनीच्या गॅरेजमध्ये शिकाऊ मेकॅनिक आहे, आणि तो जिथे येतो तिथे त्याच्याआधी पिवळी फुलपाखरे पोहोचतात. मेमे या मुलीचा त्याच्यावर जीव जडतो. या फुलपाखरांची चित्रे मुखपृष्ठांवर आणि भिंतींवर इतकी काढली गेली आहेत, की कादंबरीत ती नेमके काय काम करतात याचा विसर पडावा. ती चुगली करतात. मेमेच्या आईला, फर्नांडाला, एका रात्री मुलीच्या खोलीत श्वास घेणे कठीण व्हावे इतकी फुलपाखरे दिसतात, तिला कळायचे ते कळते, आणि कोंबड्या चोरीला जात आहेत असे सांगून ती दुसऱ्याच दिवशी परसात पहारेकरी बसवण्याची मागणी करते. मेमेला भेटायला न्हाणीघराच्या कौलांवर चढलेल्या मौरिसियोच्या पाठीच्या कण्यात गोळी बसते, आणि उरलेले सारे आयुष्य तो कोंबडीचोर म्हणून अंथरुणावर काढतो. निसर्गाने प्रेमाला साथ दिली, असे इथे म्हणता येत नाही. त्याने प्रेम लपू दिले नाही, एवढेच म्हणता येते.

आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात बांधावर तरोटा माजला, की लहान पिवळ्या फुलपाखरांचे थवेच्या थवे दिसू लागतात. त्यांच्या अळ्या तरोट्याच्या पानांवर वाढतात, त्यामुळे तरोटा असेल तिथे ती असणारच, यात गूढ काही नाही. मार्केझ वाचताना मला बांधावरची ही माहिती फार उपयोगी पडली. फुलपाखरू हे हवेतून अवतरलेले काव्य नसून कोणत्या तरी झाडाला बांधलेला जीव असतो, हे एकदा लक्षात आले की मौरिसियोची फुलपाखरेही त्याच्या वंगणाने माखलेल्या देहाला तशीच बांधलेली वाटू लागतात. त्यांचा अर्थ शोधावा लागत नाही.

याच कादंबरीतले पेत्रा कोतेसचे प्रेम त्या मानाने कमी बोलले जाते, पण मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. पेत्रा ही आउरेलियानो सेगुंदोची प्रेयसी. त्या दोघांच्या प्रेमात असे काही बळ आहे, की त्यामुळे जनावरांची वीण बेसुमार वाढते. आधी ससे वाढतात, मग गुरे वाढतात, आणि तो तिला मुद्दाम आपल्या कुरणांतून फिरवून आणतो, कारण तिची फेरी झाली की गोठे भरतात. गोठ्यात जनावर असलेल्या आमच्याकडच्या कोणत्याही घराला ही कल्पना परकी वाटणार नाही. अमुक सुनेचा हात लागला की गाय पान्हावते आणि तमुकीचा लागला की आटते, असला हातगुणाचा विश्वास माझ्या सासरी अजूनही बोलून दाखवला जातो. मार्केझ मात्र या विश्वासापुढे आणखी एक पाऊल टाकतो. पुढे माकोंदो गावात चार वर्षे, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस पडतो, सगळी जनावरे मरतात, आणि भरभराट वाहून गेल्यावर किरकोळ सोडती काढून पोट भरणारी ही दोन माणसे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर एकमेकांवर खरोखर प्रेम करू लागतात. निसर्गाची बरकत ओसरल्यावर उरलेले हे प्रेम लेखकाने इतक्या साध्या वाक्यांत मांडले आहे, की कादंबरीतल्या साऱ्या चमत्कारांपेक्षा ती पाने मला जास्त आठवतात.

कालिदासाला ही दुसरी बाजूही ठाऊक होती, आणि ती आमच्याच भूमीवरून जाणाऱ्या वाटेवर त्याला दिसली. यक्षाचे रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे संस्कृतचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. तिथून निघालेल्या मेघाला वाट सांगताना कवी म्हणतो, की नुकत्याच नांगरलेल्या शेताचा सुगंध घेत तू पुढे जाशील आणि भुवयांचे विभ्रम न जाणणाऱ्या गावाकडच्या बायका तुझ्याकडे प्रेमाने ओथंबलेल्या डोळ्यांनी बघतील, कारण शेतीचे फळ तुझ्या हाती आहे. ‘त्वय्यायत्तं कृषिफलम्’ असे त्याचे शब्द आहेत. एकाच ढगाकडे दोन प्रकारच्या ओढीने पाहणारी माणसे इथे शेजारी शेजारी उभी आहेत. यक्षाला तो निरोपासाठी हवा आहे आणि या बायकांना पेरणीसाठी. यक्षाच्या वेडाचा खुलासा करणाऱ्या कवीला या बायकांच्या प्रेमाचा खुलासा करण्याची गरज वाटलेली नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कोरडवाहू मुलखात मृग कोरडा गेला, पेरलेले बी मातीतच करपले आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाण्याच्या दुकानाची पायरी चढावी लागली, की आभाळाकडे बघणाऱ्या डोळ्यांत जे काही असते त्याला विरहाखेरीज दुसरे नाव देता येत नाही. मग गावातली पोरे अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून आणि मुसळाला बेडूक बांधून धोंडी मागत दारोदार फिरतात, आणि घराघरांतून त्यांच्या अंगावर घागरी ओतल्या जातात. त्या पोरांना कोणी वेडे म्हणत नाही.

विदर्भाने ही परंपरा केवळ अंगणात जपली असेही नाही. आमच्या गावासमोर वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर लागते, जे रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाते आणि विदर्भराजाची जुनी राजधानी मानले जाते. दमयंतीही याच विदर्भाची राजकन्या. महाभारतातल्या नलोपाख्यानात नळाने टाकून दिलेली दमयंती वाघाला, पर्वताला आणि अशोकाच्या झाडाला आपल्या नवऱ्याचा ठावठिकाणा विचारत रानातून फिरते. वाटेत तिला तापसांचा एक आश्रम लागतो, ते तापस तिला धीर देतात, आणि बोलणे संपताच आश्रम, नदी, झाडे आणि माणसे यांसह सगळेच दिसेनासे होते. महाभारतकार त्यावर भाष्य न करता दमयंतीला तशीच पुढे चालायला लावतात. ही रीत मार्केझची आहे, असे म्हणायचा मोह होतो, पण काळाचा क्रम पाहता ते उलट म्हणायला हवे.

भवभूतीचे उदाहरण तर याहून मोठे आहे. आपले घराणे विदर्भातल्या पद्मपूरचे, असे तो स्वतःच आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सांगतो, आणि हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातले आमगावजवळचे पदमपूर, असे मिराशींनी दाखवून दिले. आठव्या शतकातल्या या नाटककाराच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक तमसा आणि मुरला या दोन नद्यांच्या संवादाने उघडतो. सीतेच्या त्यागाला बारा वर्षे झाली आहेत. राम दंडकारण्यात परत आला आहे आणि सीताही तिथेच आहे, पण भागीरथीच्या वराने ती कोणालाही दिसत नाही. राम शोकाने मूर्च्छित पडतो, अदृश्य सीता त्याला स्पर्श करते, तो शुद्धीवर येतो, स्पर्श ओळखतो आणि समोर कोणीच नसते. याच वेळी वासंती ही वनदेवता त्याला सीतेने वाढवलेला कदंब, तिने नाचायला शिकवलेला मोर आणि तिच्या हातून सालईचा कोवळा पाला खाऊन मोठा झालेला हत्ती दाखवते. प्रजेपैकी कोणी रामाला जे विचारू शकले नाही, ते वासंती तोंडावर विचारते. तू तिला आपला जीव म्हणत होतास, मग असे का केलेस, हा तिच्या बोलण्याचा आशय आहे. रान इथे प्रेमाची आठवण सांभाळते आणि त्या आठवणीच्या जोरावर राजाला जाब विचारते. प्रेम, विरह आणि निसर्ग यांचे नाते मला पहिल्यांदा समजले ते या अंकातून. नंतर माकोंदो वाचताना अनोळखी प्रदेशात आल्यासारखे वाटले नाही, त्याचे श्रेय मी भवभूतीला देते.

असे असले तरी या कादंबऱ्या म्हणजे आपल्याच जुन्या कथांची परदेशी आवृत्ती, असे म्हणून अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. त्यांच्यात एक गोष्ट आहे जी भवभूतीत असू शकत नव्हती, आणि ती म्हणजे कंपनी. क्यूबाचा लेखक आलेहो कार्पेंतिएर १९४३ साली हैतीला गेला आणि १९४९ च्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने लिहिले, की अद्भुत हे तिथल्या भूमीत आणि इतिहासात मुळातच आहे, त्यासाठी कल्पनेचे खेळ करण्याची गरज नाही. त्या इतिहासात गुलामी होती, मळे होते आणि बाहेरून आलेले भांडवल होते. माकोंदोत आधी आगगाडी येते. मग एक परदेशी गृहस्थ जेवणाच्या टेबलावर केळे खातो, पुन्हा एक मागवतो, उपकरणे काढून त्याची तपासणी करतो, आणि थोड्याच दिवसांत मळे उभे राहतात. कंपनीचे लोक पावसाचे चक्र बदलतात, पिके लवकर आणतात आणि नदी उचलून स्मशानामागे नेऊन ठेवतात. मार्केझने हे फुलपाखरांसारख्याच शांत सुरात सांगितले आहे. पण धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्प उभा राहिलेला पाहिलेल्या आमच्या भागातल्या वाचकाला नदी हलवणे ही जादू वाटत नाही. ज्याला शहरात बसून कल्पनाविलास म्हणतात, तो इथे भूसंपादनाचा कागद असतो.

आगगाडीचेही तसेच आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि पुढे मुख्य मार्गाला जोडलेल्या अरुंद मापाच्या गाड्या, त्यांत आमची आता बंद पडलेली पुलगाव-आर्वीही आली, प्रामुख्याने कापसाच्या गाठी वाहून नेण्यासाठीच सुरू झाल्या. काळ्या जमिनीचे आणि माणसाचे नाते त्या काळापासून भावाच्या आकड्यातून जाऊ लागले. १९२८ च्या डिसेंबरात कोलंबियातल्या सिएनागा इथे केळीचे मळे असलेल्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी कामगारांवर सैन्याने गोळीबार केला. मार्केझच्या कादंबरीत या घटनेनंतर गाव सगळे विसरते, कोणी मेलेच नाही असे सरकारी पत्रक सांगते आणि वाचलेल्या एका माणसाच्या साक्षीवर कोणीही विश्वास ठेवत नाही. तो लांबलचक पाऊस नेमका तेव्हा सुरू होतो. माणसांनी नाकारलेली गोष्ट आभाळ नाकारत नाही. वासंतीने रामाला विचारलेला प्रश्न इथे पावसाने विचारला आहे, फरक इतकाच की तो ऐकून मूर्च्छित पडणारा राम इथे नाही.

निसर्ग नेहमी माणसाच्या ओढीची बाजू घेतो, असा समज या वाङ्मयाबद्दल पसरला आहे, आणि त्याला सर्वांत मोठा छेद देणारी कादंबरी म्हणजे मेक्सिकोच्या खुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ (१९५५). ती लहान आहे, एका बैठकीत वाचून होते, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या पानाकडे जावे लागते, कारण आपण ऐकत होतो ते आवाज मेलेल्यांचे होते हे मध्येच कुठेतरी कळते. पेद्रो पारामो हा जमीनदार आहे. लहानपणी जिच्यासोबत तो पतंग उडवीत असे, त्या सुसानाची तो तीस वर्षे वाट पाहतो. ती येते तेव्हा तिचे मन ठिकाणावर नसते, आणि त्या मनातही तिचा मेलेला नवरा आणि समुद्र यांनाच जागा असते. ती मरते, घंटा दिवसचे दिवस वाजत राहतात, आणि त्या नादाने गोळा झालेले लोक हळूहळू जत्रा भरवतात. चिडलेला पेद्रो ठरवतो, की आपण हाताची घडी घालून बसायचे आणि कोमाला गावाला उपाशी मरू द्यायचे. तसे तो करतो. जमिनी पडीक होतात, माणसे गाव सोडतात, राने वाळतात. सगळी जमीन ज्याच्या नावावर आहे त्याचा विरह गावाला कसा भोवतो, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. मालगुजारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या विदर्भातल्या वाचकाला त्यासाठी टीप लागणार नाही.

त्याच कादंबरीत दुसरी एक ओढ आहे, पेद्रोच्या टाकलेल्या बायकोची. दोलोरेस गाव सोडून बहिणीकडे राहते, आणि मरेपर्यंत कोमालाची हिरवी शेते आणि तिथला सुगंध यांविषयी मुलाशी बोलत राहते. मुलगा तिथे जातो तेव्हा तिच्या डोळ्यांनी गाव पाहू लागतो आणि त्याला उजाड भिंती दिसतात. आईने सांगितलेले पान हिरवे, समोरचे पान कोरडे, अशी पाने लेखकाने एकमेकांना लावून ठेवली आहेत.

मार्केझनेही पुढे असाच एक हिशोब मांडला. १९८५ सालच्या ‘कॉलराच्या काळातले प्रेम’ या कादंबरीत जादू जवळजवळ नाही, तरी तिला या चर्चेतून वगळता येत नाही. फ्लोरेंतिनो आरिसा फेर्मिना दासासाठी एक्कावन्न वर्षे, नऊ महिने आणि चार दिवस थांबतो, आणि शेवटी दोघे म्हातारपणी माग्दालेना नदीवरून बोटीने निघतात. वाचक या मिलनाने सुखावतो आणि काठांकडे त्याचे लक्ष जात नाही. काठावर झाडे उरलेली नाहीत, कारण बोटींच्या बॉयलरमध्ये जळण म्हणून ती पन्नास वर्षे तोडली गेली. माकडे आणि पोपट नाहीसे झाले, पाण्यातल्या मानाती या सस्तन प्राण्यांची शिकार होऊन गेली. त्या बोटींच्या कंपनीचा अध्यक्ष स्वतः फ्लोरेंतिनो आहे. नदी मरत असल्याचे अहवाल त्याच्यासमोर आले होते, पण फेर्मिनाच्या ध्यासात त्याला त्यांकडे बघायला सवड झाली नाही. इतके निष्ठावान प्रेम आणि इतके बेफिकीर नुकसान एकाच माणसात दाखवून लेखक गप्प बसतो. मला तर ही प्रेमकथा कमी आणि नदीची फिर्याद जास्त वाटते.

इथे एक तक्रार नोंदवते. या कादंबऱ्या गाजल्यावर त्यांच्या छायेत जे लेखन झाले, आपल्याकडेही झाले, त्यातले बरेचसे मला दागिन्यांचे दुकान वाटते. नायिका उदास झाली की पारिजात अवेळी गळतो, नायक आला की मोहोर येतो, आणि त्या पारिजाताला पाणी कोण घालते, मोहोर गळल्यावर कोणाचे नुकसान होते, याचा पत्ता नसतो. उत्तम लेखक चमत्काराची किंमत कोणाला तरी मोजायला लावतात. आमच्या पूर्वेकडच्या रानांत मोहाची फुले पहाटे गळतात, आणि ती वेचायला बायका अंधारातच निघतात, कारण ऊन चढण्याआधी आणि जनावरे येण्याआधी टोपली भरावी लागते. अशा पहाटेची प्रेमकथा लिहायची तर अस्वलाची भीती आणि वाळवलेल्या मोहाचा भाव हे दोन्ही कथेत आले पाहिजेत. त्यानंतर हवे तर फुलांनी बोलावे.

दुपारी आमच्याकडे दोन-चार बायका जमतात तेव्हा मी या कादंबऱ्या गोष्टीसारख्या सांगते. मूळ पुस्तकाइतकी मजा त्यात नसली तरी जे प्रश्न निघतात ते मला कोणत्याही समीक्षेत मिळाले नाहीत. मेक्सिकोच्या लाउरा एस्किवेलच्या कादंबरीतली तिता स्वयंपाकघरातच जन्मते, जन्मताना इतके रडते की आसवे वाळून उरलेले मीठ पोत्यात भरून पुढे स्वयंपाकाला वापरले जाते, आणि धाकट्या मुलीने लग्न न करता आईची सेवा करायची अशी घराची रीत असल्याने तिचे प्रेम पदार्थांतून बाहेर पडते, हे मी सांगितले. त्यावर लगेच भुलाबाईचे ते गाणे निघाले, ज्यात सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते आणि सासू तिला आधी कारल्याचे बी पेरायला सांगते. बी पेरले की वेल येऊ दे, वेल आला की फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग भाजी कर, अशी एकेक अट वाढत जाते. माहेरची ओढ इथे वेलाच्या वाढीने मोजली आहे, आणि वेलही सुनेनेच वाढवायचा आहे. थोरल्या जाऊबाई कापसातली कवडी, म्हणजे खराब कापूस, निवडत ऐकत होत्या. पेद्रो, फ्लोरेंतिनो, मौरिसियो आणि यक्ष यांच्या गोष्टी त्यांनी माझ्याकडून आधीच ऐकल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाईले दुःख झालं का तिले काम सांगतेत, अन् माणसाले झालं का त्याच्यासाठी पाऊस पाडतेत.”

या वाक्याने माझी बरीच मांडणी विस्कटली. त्याला अपवाद शोधावे म्हणून मी ग्वातेमालाच्या मिगेल आंखेल आस्तुरियासच्या ‘मक्याची माणसे’ (१९४९) या कादंबरीकडे वळले. ही या प्रकारातली सर्वांत अवघड आणि आमच्या मुलखाला सर्वांत जवळची कादंबरी आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या श्रद्धेप्रमाणे माणूस मक्यापासून घडला, म्हणून खाण्यापुरता मका पेरणे हे पवित्र काम, आणि विकण्यासाठी रान जाळून मका पेरणे म्हणजे आपलेच शरीर विकणे. घरापुरती ज्वारी मागे हटत जाऊन कपाशी आणि सोयाबीन बांधापर्यंत आलेले ज्यांनी पाहिले, त्यांना यातला संताप समजावून सांगावा लागत नाही. या कथेत गोयो यिक नावाचा आंधळा आहे. त्याची बायको मारिया तेकुन मुले घेऊन निघून जाते. तो डोळ्यांवर उपचार करून घेतो, त्याला दिसू लागते, आणि मग लक्षात येते की तिचा चेहरा त्याने कधी पाहिलेलाच नाही. म्हणून तो फेरीवाला होतो आणि बायकांशी बोलत, तिचा आवाज कानावर पडावा म्हणून गावोगाव फिरतो. कादंबरीच्या शेवटी ती दोघे पुन्हा एकत्र येतात आणि मक्याच्या शेतीला लागतात.

दरम्यान पळून गेलेल्या बायकांना ‘तेकुना’ म्हणायची रीत पडते, आणि डोंगरातल्या एका खडकालाही तिचेच नाव मिळते. निचो आकिनो या टपाल वाहणाऱ्या माणसाची बायको एक दिवस घरातून नाहीशी होते. तीही तेकुनाच झाली, असे सगळे ठरवतात. तो दुःखाने वेडापिसा होतो, टपालाची पिशवी घेऊन डोंगरातून जाताना कोयोट हे लांडग्यासारखे जनावर होतो, आणि पाताळात गेल्यावर त्याला खरे काय ते कळते. ती पळाली नव्हती. पाणी आणायला गेली असताना विहिरीत पडली होती.

हे मी सांगितले तेव्हा जाऊबाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. “पयालीच नवती थे, पान्याले गेल्ती,” त्या म्हणाल्या, आणि मग त्या विहिरीला कठडा होता का, असे विचारले. त्या दिवशी कोयोटाची गोष्ट पुढे गेली नाही. आमच्या शिवारातल्या कोणकोणत्या विहिरींना अजून कठडे नाहीत, कोणत्या विहिरीच्या पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या होतात आणि ग्रामपंचायतीत हा विषय कोणी काढायचा, यावरच दिवेलागणीपर्यंत बोलणे चालले.